कुलूप कंपनीचं, फोन आपला: सिम-लॉक आणि अनलॉकिंग फीची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक आकडा सांगतो. ३ कोटी ७७ लाख डॉलर. २०१६ या एका वर्षात कॅनडातल्या मोबाईल कंपन्यांनी ग्राहकांचे फोन ‘अनलॉक’ करून द्यायचे म्हणून एवढे पैसे घेतले. फोन विकून नव्हे, महिन्याच्या बिलातून नव्हे. फोन तर आधीच विकलेला होता. त्याला एक कुलूप घातलेलं होतं आणि त्या कुलपाची किल्ली कंपनीच्या खिशात होती. ती हवी असेल तर साधारण ५० डॉलर मोजा. सगळ्यांनी ५०च दिले असं धरलं, तर एका वर्षात साडेसात लाख फोन झाले.

आता तुमच्यापैकी अनेकांना वाटेल, हे कसलं कुलूप? आपल्याकडे फोन घेतला, सिम टाकलं, चालू. जिओचं काढून एअरटेलचं टाकलं, तरी चालू. पण तुमची ताई किंवा मामा अमेरिकेत असेल आणि तिथला वापरलेला आयफोन तुमच्याकडे आला असेल, तर हे कुलूप तुम्ही पाहिलं असण्याची शक्यता आहे. फोन नवाकोरा, काचेवर एक ओरखडा नाही. आपलं सिम टाकलं की म्हणतो, हे सिम इथे चालणार नाही. मग कोणीतरी सांगतं, “अरे, तो लॉक्ड आहे, अनलॉक करून घ्यावा लागेल.” त्या ‘करून घ्यावा लागेल’मागे पंचवीस-तीस वर्षांचं भांडण आहे. आजचा भाग त्या भांडणाचा.

आधी कुलूप कसं चालतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सिमकार्डात तुमचा मोबाईल नंबर सोडून आणखी एक नंबर असतो, बहुधा पंधरा आकडी. तो आपण कधी बघत नाही. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, कॅनडाचे ३०२, अमेरिकेची मालिका ३१० पासून. त्यापुढचे दोन-तीन आकडे कंपनी सांगतात. लॉक केलेला फोन सुरू होताना हे आकडे वाचतो आणि स्वतःकडच्या यादीशी ताडून बघतो. जुळले तर ठीक, नाही तर कोड मागतो. बस, एवढंच. फोनच्या आत कुठलाही पार्ट वेगळा नसतो. दुसऱ्या कंपनीचा सिग्नल त्याला पकडता येतो, फक्त पकडू नकोस असं त्याला सांगून ठेवलेलं असतं.

आणि तो कोड? जुन्या नोकिया फोनमध्ये तो फोनच्याच आयएमईआय नंबरवरून गणित करून निघायचा. आयएमईआय म्हणजे *#०६# दाबल्यावर दिसतो तो. ते गणित बाहेर फुटलं आणि इंटरनेटवर फुकट कॅल्क्युलेटर आले. आयएमईआय टाका, कंपनी निवडा, कोड घ्या. पुढे फोन बनवणारे शहाणे झाले. कोड गणिताने काढण्याऐवजी कुठलाही लांबलचक आकडा द्यायचा आणि तो स्वतःच्या नोंदीत जपून ठेवायचा, अशी पद्धत आली. आयफोनमध्ये तर ग्राहकाने टाकायचा कोडच नाही. ॲपलच्या सर्व्हरवर त्या फोनच्या नावापुढे नोंद असते, लॉक की अनलॉक. मोबाईल कंपनीने कळवलं की ती बदलते.

म्हणजे ५० डॉलर कशाचे, तर एका तक्त्यातला एक कोड वाचून दाखवण्याचे किंवा एक खूण बदलण्याचे. कस्टमर केअरच्या माणसाची दहा मिनिटं जातात, हे मान्य. पण दहा मिनिटांचे ५० डॉलर?

यातली खरी गंमत पुढे आहे. सिमकार्ड मुळात आलं कशासाठी? १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीचं जीएसएम नेटवर्क सुरू झालं आणि पहिली व्यावसायिक सिमकार्डं तिथे वापरली गेली. कल्पना अशी की ग्राहकाची ओळख एका कार्डात आणि फोन हे वेगळं यंत्र. कार्ड काढा, दुसऱ्या यंत्रात घाला, तुमचा नंबर तुमच्याबरोबर. ओळख आणि यंत्र एकमेकांपासून सोडवणं, हाच त्या कार्डाचा जन्मउद्देश. सिम-लॉकने नेमकं हेच उलटं फिरवलं. सोडवलेली गाठ पुन्हा मारली.

का मारली? कारण त्या काळात फोन भयंकर महाग होते आणि युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना ग्राहक पटापट हवे होते. मग युक्ती निघाली: फोन जवळजवळ फुकट द्यायचा, पण वर्ष-दोन वर्षांचा करार लिहून घ्यायचा. फोनची किंमत दर महिन्याच्या बिलात हळूहळू वसूल. आता दुकानात स्वस्तात मिळणारा हा फोन कोणी उचलला, दुसऱ्या देशात नेऊन पूर्ण किमतीला विकला, तर कंपनी बुडाली. हे काही काल्पनिक भय नव्हतं. असे फोन ठोकात गोळा करून परदेशी पाठवणारे व्यापारी खरोखर होते, आणि अमेरिकेत ट्रॅकफोन या प्रीपेड कंपनीने अशा लोकांवर खटल्यांमागून खटले भरले. तेव्हा कुलपाला कारण होतं, हे मी नाकारत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. करार अर्ध्यात मोडला तर ग्राहकाला दंड असायचाच. म्हणजे वसुलीची सोय झालेलीच होती. आणि करार पूर्ण झाला, फोनची पै न् पै फिटली, तरी कुलूप आपोआप उघडत नव्हतं. कर्ज फिटल्यावर सावकाराने गहाण सोडवायचे वेगळे पैसे मागावेत, तसा हा प्रकार. अनलॉकिंग फी ही फोनची किंमत नव्हतीच. ती निघून जाणाऱ्या गिऱ्हाईकाकडून दारात घेतलेली पावती होती.

मग आपल्याकडे हे कुलूप का दिसलं नाही? आपल्या कंपन्या फार सज्जन होत्या म्हणून? छे! कारण अगदी रोखठोक आहे. भारतात जीएसएम कंपन्यांनी फोन स्वस्तात वाटलेच नाहीत. बहुतेक ग्राहक प्रीपेडवाले. त्यांच्याशी दोन वर्षांचा करार करणार कसा? फोन आपण आपल्या पैशाने दुकानातून घ्यायचो, नाही तर मोठ्या भावाचा जुना वापरायचो. फोनमध्ये कंपनीचा एक रुपया गुंतला नव्हता, म्हणून कुलूप घालायला तिला तोंड नव्हतं. पूर्ण किंमत मोजण्याचा हा एक फायदा आपल्याला नकळत मिळाला.

जिथे कंपनीने पैसे गुंतवले, तिथे मात्र कुलूप लगेच आलं. २००३ चा पावसाळा. रिलायन्स इन्फोकॉमची ‘मान्सून हंगामा’ योजना. ५०१ रुपये भरा आणि मोबाईल घरी न्या, बाकीचे पैसे महिन्याच्या हप्त्यांत. तुम्ही तेव्हा लहान असाल किंवा नसालही, पण घरात विचारून बघा, अनेक घरांत पहिला मोबाईल या योजनेतलाच निघेल. ज्यांनी तोवर मोबाईल फक्त साहेबांच्या हातात पाहिला होता, त्या रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या खिशात तो आला. ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय कमी करायचं कारण नाही.

पण त्या फोनमध्ये सिमकार्डच नव्हतं. सीडीएमए तंत्रज्ञान होतं आणि नंबर थेट फोनमध्येच भरलेला असायचा. त्यामुळे कुलूप घालायची वेगळी गरजही नव्हती. फोन हेच कुलूप! रिलायन्स सोडायचं म्हणजे फोन सोडायचा. नंबरही गेला आणि यंत्रही निकामी. जीएसएमवाल्याला निदान सिम बदलता येत होतं. पुढे २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली आणि तोच नंबर ठेवून कंपनी बदलायचा खर्च होता फार तर १९ रुपये. कॅनडातले ५० डॉलर आणि आपले १९ रुपये शेजारी शेजारी ठेवून बघा. हे १९ रुपये पुरत होते, कारण हातातला फोन मोकळा होता. फोनला कुलूप असतं तर नंबर नेऊन करायचं काय होतं?

आपल्याकडे कुलूप दुसऱ्या वाटेनेही आलं, परदेशातून. पहिला आयफोन भारतात अधिकृतपणे आलाच नव्हता, तरी मुंबईत हीरा पन्ना, मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड इथे तो मिळत होता. अमेरिकेतून आलेला आणि इथे उघडलेला. त्याच्या आधीपासून नोकिया-मोटोरोलाचे परदेशी फोन तिथे ‘बॉक्स’ लावून, ‘फ्लॅश मारून’ मोकळे व्हायचेच. मग २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन थ्रीजी आणला. ८ जीबीचा फोन ३१,००० रुपयांना. त्याच फोनची अमेरिकेतली जाहिरात होती १९९ डॉलरची, कारण तिथे दोन वर्षांचा करार होता. आपल्याकडे रक्कम पूर्ण घेतली, तरी फोन त्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला. सवलत नाही, पण कुलूप आहे! लोकांनी नाकं मुरडली आणि हीरा पन्नाचा धंदा बंद पडला नाही, यात नवल काय.

आता थोडं मागे जाऊ, कारण ‘यंत्र तुम्ही विकत घेतलंत, पण ते कसं वापरायचं हे आम्ही सांगणार’ हा कंपनीचा हट्ट मोबाईलच्याही आधीचा आहे. लँडलाइनच्या काळात अमेरिकेत एटी अँड टीचं राज्य होतं. घरातला फोनही कंपनीचाच आणि त्याला दुसऱ्या कोणाचं काहीही जोडायला बंदी. आपल्याकडचा तो काळा, जड, डायलवाला फोन आठवतो ना? तोही सरकारी खात्याचा असायचा, आपण फक्त भाडं भरायचो. तसंच ते.

टेक्सासमध्ये थॉमस कार्टर नावाचा एक माणूस होता. तेलाच्या विहिरींवर काम करणारे लोक, मोठमोठ्या रानांतले गुरांचे मालक, यांच्याकडे रेडिओ असायचा, पण टेलिफोनवरच्या माणसाशी त्यांना बोलता यायचं नाही. कार्टरने एक साधी बैठक बनवली. टेलिफोनचा रिसीव्हर तिच्यावर ठेवायचा आणि आवाज इकडून तिकडे जायचा. टेलिफोनच्या तारेला हातही लावलेला नव्हता. तरी एटी अँड टीने ग्राहकांना दम दिला, हे वापराल तर कनेक्शन तोडू. कार्टर कोर्टात गेला. प्रकरण शेवटी एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे आलं आणि १९६८ मध्ये निकाल लागला: नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाला आपलं यंत्र जोडायचा हक्क आहे. या निकालाला कार्टरफोन निकाल म्हणतात. त्याने उघडलेल्या दारातून पुढे आन्सरिंग मशीन आलं, फॅक्स आला, घरगुती मोडेम आलं. मोडेम नसतं तर इंटरनेट घराघरांत शिरलं कसं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

गंमत म्हणजे मोबाईलच्या बाबतीत अमेरिका हा निकाल जणू विसरली. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक टिम वू यांनी २००७ मध्ये एक निबंध लिहून विचारलं, की कार्टरफोनचा नियम मोबाईलला का नको? आणि त्याच वर्षी, २९ जून २००७ ला, आयफोन बाजारात आला. फक्त एटी अँड टीवर चालणारा. नाव ओळखीचं वाटलं ना?

पहिला आयफोन ४९९ आणि ५९९ डॉलरचा होता आणि ही सवलतीची किंमत नव्हती. ग्राहक भरभक्कम पैसे मोजत होता, वर दोन वर्षांचा करारही करत होता, आणि तरी कुलूप होतंच. ‘आम्ही फोन स्वस्तात देतो म्हणून लॉक करतो’ हा युक्तिवाद इथे उघडा पडला. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने ते कुलूप तोडलं. चष्म्याचा स्क्रू काढायचा बारीक स्क्रूड्रायव्हर, गिटार वाजवायची पट्टी, सोल्डरिंगची सुई आणि रात्रंदिवसाचं जागरण. उघडलेला फोन त्याने एका मोबाईल दुरुस्ती कंपनीच्या मालकाला दिला आणि बदल्यात घेतली निस्सान ३५०झेड गाडी आणि तीन नवे आयफोन. बातमी जगभर गेली. सप्टेंबरमध्ये ॲपलने नवं सॉफ्टवेअर आणलं आणि अशा अनलॉक केलेल्या कितीतरी फोनची वीट झाली. वीट म्हणजे अक्षरशः वीट. चालू होईना, फोन लागेना. विकत घेतलेला, स्वतःच्या मालकीचा.

हॉट्झची गोष्ट भारी आहे म्हणून सगळे सांगतात. पण खरी लढाई दुसरीकडे चालू होती, कोर्टाच्या आणि कायद्याच्या कागदांत. तिथे मुद्दा ५० डॉलरचा नव्हता, तुरुंगाचा होता.

१९९८ मध्ये अमेरिकेत डीएमसीए नावाचा कायदा झाला. हेतू काय, तर डीव्हीडी, संगीत, सॉफ्टवेअर यांची चोरी थांबवणं. त्यात एक कलम आहे: कॉपीराइट असलेल्या गोष्टीला लावलेलं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा. आता फोनमधलं सॉफ्टवेअर हीसुद्धा कॉपीराइट असलेली गोष्ट. मग सिम-लॉक हे त्या सॉफ्टवेअरचं कुलूप. सिनेमाची चोरी थांबवायला केलेला कायदा असा फिरून फोनच्या सिमपर्यंत पोहोचला. पैसे कमावण्यासाठी जाणूनबुजून कुलूप तोडलं, तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड.

सीना खानिफर हा तेव्हा कॉलेजात शिकणारा मुलगा. मोटोरोलाचे फोन अनलॉक करायचं सॉफ्टवेअर विकून शिक्षणाचा खर्च भागवत होता. एक दिवस मोटोरोलाच्या वकिलांची नोटीस आली, डीएमसीएचा हवाला देऊन. वकील जेनिफर ग्रॅनिक त्याच्या बाजूने फुकट उभ्या राहिल्या आणि कंपनीने पाऊल मागे घेतलं. ग्रॅनिक तिथेच थांबल्या नाहीत. या कायद्यात दर तीन वर्षांनी सूट मागायची सोय आहे आणि ती देतात कोण, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख. हो, ग्रंथपाल! कॉपीराइटचं खातं त्यांच्याकडे असतं. २००६ मध्ये अनलॉकिंगला अशी सूट मिळाली, २०१० मध्ये पुन्हा मिळाली, आणि २०१२ मध्ये ग्रंथपालांनी ती नव्या फोनसाठी काढून घेतली. कारण काय, तर आता बाजारात अनलॉक केलेले फोन मिळतात, कंपन्याही मागितल्यावर उघडून देतात, मग सूट कशाला?

२६ जानेवारी २०१३ पासून परिस्थिती अशी झाली, की त्यानंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं हा कायदाभंग. करार संपलेला असो, पैसे फिटलेले असोत. दिवाळीला पुण्याला जाताना इथलं सिम टाकावं म्हणून न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी माणसाने स्वतःचाच फोन उघडला, तरी तो कागदोपत्री दोषी. अशाला कोणी पकडून नेलं नसतं, हे खरं. पण कंपनीने नाही म्हटलं तर त्याच्यापुढे कायदेशीर वाटच उरली नव्हती. आणि या नसलेल्या वाटेवरच अनलॉकिंग फी उभी असते. दुसरीकडून किल्ली मिळत नाही म्हटल्यावर किल्लीवाला सांगेल ती किंमत.

खानिफरने व्हाइट हाउसच्या वेबसाइटवर अर्ज टाकला. उत्तर मिळायला महिन्याभरात एक लाख सह्या लागायच्या, पडल्या एक लाख चौदा हजारांहून जास्त. ४ मार्च २०१३ ला व्हाइट हाउसने लेखी उत्तर दिलं, की अनलॉकिंग कायदेशीर व्हायला हवं, आणि हेच तत्त्व टॅबलेटलाही लावलं. डिसेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांनी एफसीसीच्या दबावाखाली कबूल केलं, की करार पूर्ण झालेल्या ग्राहकाचा फोन मागितल्यावर उघडून देऊ. १ ऑगस्ट २०१४ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अनलॉकिंगच्या विधेयकावर सही केली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट त्या काळात कशावरच एकमत करत नव्हते, यावर केलं.

पण नीट बघा हं, या कायद्याने अनलॉकिंग गुन्हा राहिला नाही, एवढंच झालं. कुलूप घालायला बंदी आली नाही. अमेरिकेत आजही कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा लॉक असतो. शिकायला तिकडे जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

कुलपावरच घाव घातला तो कॅनडाने. २०१३ च्या वायरलेस कोडने आधी एवढंच ठरवलं होतं, की सवलतीचा फोन ९० दिवसांनी आणि रोख घेतलेला लगेच उघडून द्यायला हवा. पण फी किती, हे कंपनीवर सोडलं. म्हणजे दार उघडायला लावलं आणि तिकीट लावायची मुभा दिली! पुढच्या काळात फीची कमाई वाढतच गेली आणि २०१६ मध्ये आपण सुरुवातीला पाहिलेल्या आकड्याला पोहोचली. सुनावणीत कंपन्या म्हणाल्या, ज्याला फोन उघडून हवा त्यानेच खर्च द्यावा, नाही तर तो भार सगळ्यांवर पडेल. ऐकायला रास्त वाटतं. पण कुलूप घालायचा निर्णय ग्राहकाने कधी घेतला होता? जून २०१७ मध्ये तिथल्या आयोगाने निकाल दिला: १ डिसेंबर २०१७ पासून विकलेला प्रत्येक नवा फोन मोकळाच असेल आणि जुने फोन मागितल्यावर फुकट उघडून द्यायचे. काही महिन्यांतच बेल कंपनीने दुकानांतल्या चोऱ्यांचं कारण देऊन विक्री होईपर्यंत फोन लॉक ठेवायला सुरुवात केली. चोरीचा मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी फोन काउंटरवर पोहोचेपर्यंतचं कुलूप पुरतं, खरेदीनंतर दोन वर्षांचं लागत नाही.

ब्रिटनमध्ये फी लहान होती, साधारण १० पौंड. तिथे ऑफकॉम या नियामकाने वेगळं निरीक्षण मांडलं: लोकांना पैशापेक्षा कटकट नडते. कोड यायला दिवस लागायचे, कधी यायचाच नाही, कधी आलेला चालायचा नाही. कंपनी बदलायचा विचार सोडून दिलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त लोकांनी सांगितलं, की अनलॉक करायच्या भानगडीमुळे सोडला. डिसेंबर २०२१ पासून तिथे लॉक केलेले फोन विकायला बंदी आली. जपानने दोन महिने आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तत्त्वतः हेच केलं. जपानची एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. तिथे डोकोमोच्या दुकानात जाऊन अनलॉक करून घ्यायला ३,००० येन पडायचे आणि तेच काम वेबसाइटवर स्वतः केलं तर शून्य. किल्लीचा खरा खर्च किती, याचं उत्तर कंपनीच्याच दरपत्रकात छापलेलं होतं.

म्हणजे बहुतेक जगात हे कुलूप मोडकळीला आलं म्हणायचं. आपल्याकडे मात्र ते नव्या रूपात येतंय. २०१७ मध्ये जिओफोन आला, १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत मिळणारी, आणि सिम फक्त जिओचं. जुनाच सौदा: कंपनीचा पैसा गुंतला की कुलूप आलं. फक्त यावेळी अनामत घेतली होती, म्हणून निदान कोणी ‘फोन तुमच्याच मालकीचा’ असं ठासून सांगत नव्हतं. दुसरं रूप जास्त गंभीर आहे आणि त्याचा सिमशी संबंधच नाही. आज कितीतरी मुलं फोन हप्त्यावर घेतात. कर्ज देणारी कंपनी फोनमध्ये एक ॲप टाकते आणि हप्ता चुकला की फोनच बंद करते. नेटवर्क नाही, अख्खा फोन. ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, यूपीआय चालतं, डिलिव्हरीचं काम मिळतं, तोच. सप्टेंबर २०२५ मध्ये बातम्या आल्या, की रिझर्व्ह बँक कर्जदात्यांना असं लॉक वापरू देण्याचा विचार करतेय, ग्राहकाची आधी संमती घेऊन. त्याआधी हीच पद्धत थांबवायला तिने सांगितलं होतं, असंही त्याच बातम्यांत होतं.

हप्त्याच्या कागदावर सही करताना तीन गोष्टी दुकानदाराला नीट विचारून घ्या. फोनमध्ये असं ॲप टाकणार आहात का? शेवटचा हप्ता फिटल्यावर ते कोण काढणार, तुम्ही की मी? आणि काढायचे पैसे पडणार का? तिसरा प्रश्न विचारताना थोडं थांबा, समोरच्याचा चेहरा बघा.

आणि परदेशातून फोन येत असेल तर पाठवणाऱ्याला तिथूनच बघायला सांगा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली ‘कॅरियर लॉक’. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तर खुशाल बॅगेत टाकायला सांगा. नसेल तर ज्या कंपनीचा फोन आहे तिच्याकडून तिथे असतानाच उघडून घ्यायला लावा. इथून फोन करत बसलात तर खाते क्रमांक, बिलावरचं नाव, मूळ मालक बोलतोय का, हे सगळं मागतात.

पुढच्या भागात याच दुकानाच्या काउंटरवर थांबू या, पण चार्जरची गोष्ट घेऊन: प्रत्येक फोनची पिन वेगळी का असायची आणि ती एक कशी झाली. तुमच्या घरातल्या ५०१ रुपयांच्या फोनची आठवण असेल तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवीन. भेटू!